श्यामलाची दोनशे एकतीस पत्रं

माझा कॉम्प्युटर मरायला टेकलाय, हे माझ्याआधी साखरबाईला कळलं. साखरबाई माझ्याकडे स्वयंपाकाला येते. मूळची कोऱ्हाळे बुद्रुकची, आता बारामतीत लेकाकडे असते. भिगवण रोडवरच्या या घरात दिवसभरात मी सोडून दुसरा आवाज तिचाच.

"सायेब, त्या डब्यातनं करपल्याचा वास येतुया," ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "माज्या भाजीचा न्हाय. आदीच सांगून ठिवते."

मी खेकसलो तिच्यावर. माझी सवयच आहे ती. मग उठून बघितलं तर खरंच मागच्या बाजूनं गरम वाफ आणि जळका वास. घ्या! तीस वर्षं साखर कारखान्यांत केमिस्ट म्हणून काढली. पाकाचा नुसता वास घेऊन सांगायचो, कुठल्या पॅनमध्ये काय बिघडलंय. आणि स्वतःच्या घरात टेबलावर जळतंय ते कळू नये. श्यामला गेल्यापासून माझं नाकसुद्धा बसलंय बहुतेक.

कॉम्प्युटरचं मला काही नव्हतं हो. पंधरा वर्षांचा म्हातारा झालाय, गेला तर गेला. पण त्याच्या पोटात श्यामलाची दोनशे एकतीस पत्रं होती. ई-मेलनं आलेली. दुसरीकडे कुठंही त्यांची प्रत नाही. आणि त्यातलं एकही मी वाचलेलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, कसला नवरा आहे हा. म्हणा. पण आधी ऐका तरी.

दोन हजार चार साली इकडे ऊसच नव्हता. हंगाम सुरू झाला म्हणेपर्यंत संपला. युगांडातल्या एका साखर कारखान्याला चीफ केमिस्ट हवा होता, पगार चांगला होता, मी गेलो. आपल्या भागातले बरेच जण तेव्हा असे आफ्रिकेत जायचे. श्यामला इथल्या शाळेत मराठी शिकवायची. केयूर बारा वर्षांचा, सातवीत. सणसरला माझी आई, बनाबाई, तिची तब्येत वरखाली. म्हणून ती दोघं इथंच राहिली आणि मी एकटा गेलो. पाच वर्षं.

फोन रविवारी, तोही पाचदहा मिनिटं. बाकी सगळं ई-मेलवर, असं ठरलं. आता मराठी लिहायची इंग्रजी अक्षरांत, हे श्यामलाला अजिबात चालेना. आंघोळ न करता देवघरात गेल्यासारखं वाटतं, म्हणायची. मग तिनं काय करावं? सोनलच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं. शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी तासभर, महिनाभर जाऊन मराठी टायपिंग शिकली. शिकवायच्या तेव्हा सोनलची आई आणि सोनल, नुकतीच कॉलेज संपवलेली. आणि मग दर गुरुवारी, बाजार करून येताना, पिशवी पायाशी ठेवून ती तिथल्या कॉम्प्युटरवर मला पत्र लिहायची.

तेव्हाची गंमत आजच्या पोरांना सांगून पटत नाही. मराठी टाइप करायला एक वेगळा फाँट घालावा लागायचा. ज्याच्या मशीनवर तो फाँट असेल त्याला मराठी दिसणार. नसेल त्याला? इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्के, उद्गारचिन्हं, सगळी नुसती मिसळ.

पहिलं पत्र मला तसं आलं. वर इंग्रजीत तिचं नाव, तारीख, आणि खाली कचरा.

रविवारी फोन केला तर तिचं पहिलं वाक्य, "मिळालं?"

"मिळालं."

"वाचलंत?"

तिच्या आवाजात असा काही आनंद होता की, 'काही दिसत नाही गं' हे माझ्या तोंडातून निघेचना. महिनाभर शिकलेली बाई. म्हटलं, "वाचलं की. छान लिहिलंस."

मनात होतं, आठवडाभरात कुठून तरी फाँट मिळवू आणि वाचून टाकू. पण लॅपटॉप कारखान्याचा. त्यात काही घालायचं तर परवानगी काढा, कारणं सांगा. तेवढ्यात एक बॉयलर बसला, मग दुसरं काही. तीन पत्रं झाली, चार झाली. आता श्यामलाकडे फाँट मागायचा म्हणजे आधीची चारही वाचली नाहीत हे कबूल करायचं. मी गप्प बसलो. दर रविवारी "वाचलं, छान लिहिलंस." आणि इकडून माझं चार ओळींचं इंग्रजी उत्तर, हवा अशी आहे, गाळप तसं आहे. पाच वर्षं हे असंच चाललं.

दोन हजार नऊला परत येताना सगळी पत्रं सीडीवर घेतली, हा कॉम्प्युटर घेतला, त्यात उतरवली. ती सीडी पुढं चरे पडून वाया गेली. वाटलं, इथं तरी वाचू. पण फाँट मागणार कुणाकडे? श्यामलाकडेच ना! आणि खरं सांगायचं तर बायको समोर चालतीबोलती असताना तिची जुनी पत्रं कशाला वाचायची, असंही मनात आलं. काय सांगायचं ते सांगेल की. असं म्हणत तेरा वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता ती ओट्याशी खाली बसली, ती उठलीच नाही.

तेव्हापासून रोज दुपारी मी ती यादी उघडून बसायचो. पत्र उघडायचो नाही, नुसती यादी. श्यामला रणवरे, श्यामला रणवरे, श्यामला रणवरे. खाली खाली जायचं, परत वर यायचं. सोनलकडे जाऊन फाँट आणायला आता कुणाची आडकाठी होती? कुणाचीच नाही. पण मी गेलो नाही. जोवर ती वाचली नव्हती, तोवर श्यामलाचं माझ्याशी बोलायचं काहीतरी शिल्लक होतं. वाचून झाली की मग काय? मग या घरात भिंती आणि मी.

आणि आता डबा जळायला लागला. ठेवून ठेवून ठेवली तर ती न वाचताच जाणार.

केयूर मेलबर्नला असतो. त्याला फोन केला, म्हटलं नवीन कॉम्प्युटर हवा. त्यानं तिथून बसल्या जागी ऑर्डर देऊन तिसऱ्या दिवशी घरी लॅपटॉप पाठवला. "बाबा, जुनं सगळं टाकून द्या आता," तो म्हणाला.

"जुने मेल घ्यायचेत त्याच्यावर."

"ते सर्व्हरवर असतीलच ना?"

"नाहीत. तेव्हा मेल आपल्या मशीनवर उतरवला की तिकडून पुसला जायचा. जागाच नसायची."

"कसले मेल एवढे?"

"तुझ्या आईचे. मी युगांडात होतो तेव्हाचे."

मग म्हणाला, "मलाही पाठवाल?"

"बघू," म्हटलं.

मग मी कामाला लागलो. माझा समज असा, की फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि इकडे टाकायची. कसलं काय! जुन्या मशीनवरचं मेलचं सॉफ्टवेअर वेगळं, लॅपटॉपवरचं वेगळं. नवं जुन्याच्या फाइलला ओळखच दाखवेना. पहिल्या दिवशी म्हणालं, फाइल उघडता येत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालं, काम पूर्ण झालं. मी खूश. बघतो तर फोल्डर आलंय, वर नाव आहे, आत शून्य. मी असा ओरडलो की साखरबाईच्या हातातलं लाटणं पडलं.

"काय झालं सायेब?"

"काही नाही. मुद्द्याचं असेल तेव्हा बोलत जा," म्हटलं.

ती कशाला ऐकते? हात पुसत आली, त्या डब्यावर हात ठेवून बघितलं. "तापलंय की ह्ये! पोराच्या अंगावानी तापलंय. ह्येला वारा घाला." आणि टेबलफॅन आणून तिनं डब्याची बाजू उघडून त्याच्या पुढ्यात लावला. इतका साधा उपाय मला सुचला नव्हता. त्या वाऱ्यावर म्हाताऱ्यानं अजून दोन दिवस काढले. वीस मिनिटं चालायचा, बंद पडायचा. तासभर थांबायचं, परत चालू करायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. परत दाबलं. नाही. नऊ वाजले, दहा वाजले. माझी पाचावर धारण बसली. दोन वर्षं मी नुसत्या नावांच्या याद्या बघत बसलो होतो आणि आता तेही गेलं. श्यामला गेली त्या दिवशी माणसं होती, धावपळ होती. या वेळी कुणी नव्हतं. मी आणि तो डबा. साडेअकराला त्याला काय वाटलं कोण जाणे, एकदा घरघरला आणि सुरू झाला. मी तो लगेच रीतसर बंद केला, वायरी काढल्या, पोत्यात गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन सोनलकडे गेलो.

सोनलनं आता चाळिशी ओलांडलीय. टायपिंगची मशिनं कधीच गेली, आता तिथं ऑनलाइन फॉर्म भरतात, दाखले काढतात, पोरांना कॉम्प्युटर शिकवतात. मला पोत्यासकट बघून ती लगबगीनं उठली.

"या काका. हे काय उचलून आणलंत?"

"यात बाईंची पत्रं आहेत," म्हटलं. श्यामलाला ती कायम बाईच म्हणायची. "मरायच्या आत बाहेर काढून दे. लॅपटॉपवर घाल."

तिनं एकही प्रश्न विचारला नाही. आधी आतली डिस्कच काढली, स्वतःच्या मशीनला जोडली आणि तिची अख्खी प्रत घेतली. "आता डबा गेला तरी काळजी नाही," म्हणाली. मग मला समजावून सांगितलं, की जुन्याचं नव्याला थेट कळत नाही, मधे एक दुभाषा लागतो. आधी मेल एका मधल्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे, त्याला दोन्हीकडचं कळतं, आणि मग तिथून लॅपटॉपवर. दोन तास लागले. मी बाकावर बसून होतो. शेवटी तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. फोल्डरच्या पुढं आकडा, दोनशे एकतीस.

माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

सोनलनं पहिलं पत्र उघडलं. तोच कचरा. कंस, डॉलर, टक्के.

"अय्या, हा तर आमचा जुना फाँट," ती हसली. कपाटातून एक सीडीची थप्पी काढली, शोधून शोधून एक बाजूला केली. मग तिचं हसू थांबलं. "काका, तुमच्या मशीनवर हा फाँट कधी नव्हताच? डिस्कवर कुठं दिसला नाही. मग तुम्ही पत्रं वाचत कसे होतात?"

"होता. उडाला."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली. त्या 'बरं'मधे तिला सगळं कळलंय हे मला कळलं. अडुसष्टाव्या वर्षी, मेलेल्या बायकोच्या पत्रांपुढं बसून, मी पुन्हा खोटं बोललो होतो.

फाँट घातला. पान एकदा हललं आणि कचऱ्याचं मराठी झालं. वरच 'अहो,' असं लिहिलेलं. सोनलनं लगेच मान वळवली. "मी चहा सांगून येते," म्हणून बाहेर गेली. मी लॅपटॉप मिटला. तिथं नाही वाचायचं, असं ठरवलं.

घरी आलो तेव्हा अडीच वाजले होते. साखरबाई झाकून ठेवून गेली होती. जेवलो नाही. श्यामलाच्या खुर्चीत बसलो, लॅपटॉप उघडला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

पहिलं पत्र छोटं. 'अहो, एका बोटानं लिहिते आहे. सोनल मागं उभी आहे म्हणून फार काही लिहीत नाही. तिकडे डास फार आहेत का? मच्छरदाणी लावा.' मी मोठ्यानं हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा या घरात मी हसलो असेन. ती समोर बसून बोलतीय असंच वाटलं. दुसऱ्यात आईची औषधं, शाळेतली परीक्षा, शेजारच्यांचं भांडण.

तिसरं पत्र असं होतं: 'अहो, केयूर सायकलवरून पडला. डावा हात मोडलाय, प्लास्टर घातलंय. फोनवर सांगितलं तर तुम्ही तिथं एकटे घाबराल, म्हणून लिहिते. त्यालाही सांगितलंय, बाबांना तू काही बोलू नकोस, मी लिहिलंय. रविवारी तुम्ही त्याला जरा धीर द्या.'

मला काही आठवेना. केयूरचा हात कधी मोडला? चौथं उघडलं.

'अहो, रविवारी तुम्ही केयूरला विचारलंत, पोहायला जातोस ना रोज? तो हो म्हणाला आणि फोन माझ्याकडे देऊन आत निघून गेला. मी तुम्हाला विचारलं, पत्र वाचलंत का. तुम्ही म्हणालात, वाचलं, छान लिहिलंस. पोराचा हात मोडला, हे मी छान लिहिलं होतं का?'

मी उठलो. पाणी प्यायलो. मग केयूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ उलटली होती.

"तुझा हात मोडला होता का रे? सातवीत?"

"हो. डावा. सहा आठवडे प्लास्टर होतं. का?"

"नाही, सहज."

"तुम्हाला माहिती होतं ना? आई म्हणाली, बाबांना लिहिलंय."

मी म्हटलं, नंतर बोलतो. आणि फोन ठेवला.

म्हणजे चौथ्या गुरुवारीच श्यामलाला कळलं होतं. आणि तरी तिनं आणखी दोनशे सत्तावीस पत्रं लिहिली होती. का? मी पुढं वाचत सुटलो.

सहाव्यात ती लिहिते, 'सोनल म्हणाली, बाई, परदेशात हा फाँट नसणार, काकांना सगळं गिचमीड दिसत असेल. मला बरं वाटलं हो. म्हणजे तुम्ही टाळत नव्हतात. मग वाटलं, दिसत नाही एवढं सांगायला काय झालं होतं? सोनलनं फाँटची फाइल करून दिलीय. पत्राला जोडून पाठवली की तुम्हाला दिसेल. पुढच्या गुरुवारी जोडते.'

सातव्यात माझ्या आईबद्दल पानभर गाऱ्हाणी, आणि शेवटी, 'फाइल जोडायची विसरले.'

आठव्यात, 'आजही जोडली नाही. विसरले नाही. खरं सांगू? गेल्या गुरुवारी तुमच्या आईंबद्दल जे लिहिलं, ते तुम्हाला दिसणार असतं तर माझी लिहायची छाती झाली नसती. लिहून उठले, भाजीची पिशवी उचलली, तर ती हलकी लागली. चार किलोची पिशवी. सोनलला सांगणार आहे, फाइल पाठवली म्हणून. रविवारी तुम्ही छान लिहिलंस म्हणा, मी बरं म्हणेन. चालू द्या आपलं.'

मला वाटत होतं, मी तिला फसवतोय. पाच वर्षं ती फोनवर विचारत होती, "वाचलंत?" आणि तिला उत्तर माहीत होतं. नंतरची तेरा वर्षं या घरात, याच टेबलाशी, माझ्यासमोर बसून तिनं भाजी निवडली आणि एकदाही बोलली नाही.

पुढची पत्रं लांब लांब होत गेली. त्यातली बाई मला माहीत नव्हती. ती खळखळून हसते, चिडते, शिव्यासुद्धा देते. माझ्या आईची नक्कल काय केलीय! 'बनाबाईंना माझ्या हातची भाकरी जाड लागते, पातळ केली की म्हणतात ही पोळी हाय का भाकरी.' एका पत्रात म्हणते, तुमचं घोरणं नाही तर झोप कशी गाढ लागते, सांगू नये पण सांगते. आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात, पलंगाच्या तुमच्या बाजूला इस्त्रीचे कपडे ठेवते, रिकामी बाजू बघवत नाही.

चौऱ्याण्णवावं पत्र मी तीनदा वाचलं. इंदापूरच्या एका शाळेनं तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. घर बदलावं लागलं असतं, आईला सांभाळायला कुणी नव्हतं. 'फोनवर तुम्हाला विचारणार होते. पण तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. "मुद्द्याचं बोल, पैसे किती वाढतात?" पैसे थोडेच वाढतात. म्हणून विचारलंच नाही. आज नकार कळवला. मला ती खुर्ची हवी होती हो. फार हवी होती. इथं लिहिते आणि संपवते.'

आणि मी काय करायचो माहितेय? पाहुण्यांत बसलं की मोठ्या तोंडानं सांगायचो, आमच्या हिला पुढं जायची हौसच नव्हती, ती आपली वर्गात खूश. श्यामला तिथंच असायची. पोह्यांच्या बशा देत. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं का कधी? मला आठवत नाही. कारण मी तिच्याकडे बघत नव्हतो.

साखरबाई पाचला आली. भांडी घासता घासता तिनं विचारलं, "घावली का बाईंची पत्रं?" मी हो म्हटलं. तिला अजून काही विचारायचं होतं, पण माझं तोंड बघून ती काम उरकून गेली.

मधली सव्वाशेच्या वर पत्रं वाचायची होती. पण मला धीर धरवेना. मी थेट शेवटचं उघडलं. तारीख मे दोन हजार नऊ. मी आलो त्याच्या आधीचा गुरुवार.

'अहो, हे शेवटचं. मंगळवारी तुम्ही येणार. केयूर नाचतोय. मी बेसनाचे लाडू करून ठेवलेत, पडदे धुतलेत. शाळेत सगळ्याजणी म्हणतात, सुटलात बाई. सोनलला सांगितलं, आता गुरुवारी येणार नाही. ती म्हणाली, बरोबरच आहे, काका समोर असल्यावर लिहायचं काय? मी हसले.

पण मी आता कुणाशी बोलू? पाच वर्षं ज्याच्याशी बोलले, त्यानं मला कधी मध्ये तोडलं नाही. घड्याळाकडे बघितलं नाही. मी रडले तरी थांबला, फालतू बोलले तरी थांबला. मला माहितेय, तो कुणीच नाही. पडद्यापलीकडे कुणीच नाही. पण त्याला मी तुमचं नाव दिलं होतं आणि त्याच्याबरोबर माझा संसार चांगला चालला होता. तुम्ही आलात की तो जाणार. विमानतळावर मी हसत उभी असेन, मला आनंदही होईल, खोटं नाही सांगत. फक्त आज इथं बसून मला त्याच्यासाठी रडू येतंय. सोनल बघतीय. बास करते.'

खाली नाव नव्हतं. घाईत राहिलं असेल.

मला राग आला. माझा राग सगळ्या बारामतीला माहितेय, पण हा तसला नव्हता. श्यामलाचा तर नाहीच. त्या माणसाचा राग आला. माझं नाव लावून बसलेला, न बोलणारा, न तोडणारा, तो कोण. आणि राग जरा ओसरला तसं लक्षात आलं, की तो माणूस व्हायला फार काही लागत नव्हतं. गप्प बसावं लागत होतं, एवढंच.

तेवढ्यात केयूरचा फोन आला. मघाशी मी तसाच ठेवला होता म्हणून काळजीनं केला असेल.

"बाबा, बरे आहात ना?"

"आहे."

"मिळाली पत्रं? काय काय लिहिलंय आईनं? मला पाठवा ना."

"पाठवतो," म्हटलं. "तुझ्याबद्दल पुष्कळ आहे त्यात. सगळी पाठवतो."

"तुमच्याकडे ठेवा हां पण. तुमची आहेत ती."

"नाही रे," मी म्हटलं. "ती मला लिहिलेली नाहीत."

"मग कुणाला?"

काय सांगणार त्याला? दर गुरुवारी, बाजाराची पिशवी खाली ठेवून, त्याची आई एका माणसाजवळ तासभर बसायची. दोनशे एकतीस वेळा बसली. माझ्या घरात ती तेरा वर्षं राहिली, आणि माझ्याजवळ तशी एकदाही बसली नाही.